केबल लावली तरी इंटरनेट नाही? आधी पोर्टची लाइट पाहा

मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालतंय आणि केबल लावलेला कॉम्प्युटर मात्र ‘नो इंटरनेट’ म्हणतोय. अशा वेळी बहुतेक जण थेट सेटिंगमध्ये शिरतात. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उडवतात, कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेल्या चार आज्ञा देतात, आणि काहीच जमलं नाही की विंडोज नव्याने टाकतात. दोष कित्येकदा केबलच्या तुटक्या क्लिपमध्ये असतो.

वायरच्या जोडणीत सगळं ठरलेल्या क्रमानं घडतं. आधी कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आणि समोरचा राउटर किंवा स्विच (अनेक केबली एकमेकींना जोडणारा डबा) यांची तारेवरून ओळख पटते. मग कॉम्प्युटरला पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरून राउटरपर्यंत पोचता येतं, तिथून बाहेरच्या जगात, आणि वेबसाइटचं नाव शोधण्याचं काम सर्वांत शेवटी येतं. खालची पायरी ढासळलेली असताना वरच्या पायरीवर केलेली दुरुस्ती वाया जाते, त्यामुळे तपासही खालून वर करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर लगेच तपासायचं. तीन गोष्टी एकदम बदलून नेट सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरू करण्याआधी

त्या कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर तुमच्या चाचण्या गुपचूप वायफायवरून पार पडतील आणि केबल ठीक आहे असा गैरसमज होईल. त्याच राउटरवरचं दुसरं एखादं उपकरण चालतंय का, तेही पाहून घ्या. सगळंच बंद असेल तर तुमच्या कार्डचा काही संबंध नाही. राउटर किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याकडे काय चाललंय ते बघा आणि इथेच थांबा.

पुढे काही आज्ञा येतील. त्या इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

पायरी १: लाइट काय सांगते

केबल जिथे घुसते त्या पोर्टच्या कोपऱ्यांत सहसा दोन बारीक लाइट असतात. त्यातली एक जोडणी झाली आहे हे सांगते आणि दुसरी माहितीची ये-जा सुरू असताना लुकलुकते. काही पोर्टवर एकच लाइट दोन्ही कामं करते. रंगांवरून निष्कर्ष काढू नका. नारिंगी म्हणजे बिघाड, असं अनेकांना वाटतं, पण पुष्कळ कार्डांवर नारिंगी किंवा हिरवा रंग फक्त वेग दाखवतो आणि कोणता रंग कशासाठी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. लाइट आहे की नाही आणि लुकलुकते की नाही, एवढंच पाहा.

काही लॅपटॉपवर आणि यूएसबीच्या छोट्या अडॅप्टरवर लाइटच नसते. अशा वेळी केबलचं दुसरं टोक ज्या पोर्टमध्ये आहे तिथली लाइट पाहा. ती जोडणी दोघांमधली असल्यामुळे एका टोकाला दिसलं तरी पुरतं.

कॉम्प्युटर बंद असताना पोर्टची लाइट चालू दिसली तर घाबरू नका. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय कॉम्प्युटर बंद असतानाही थोडी वीज मदरबोर्डला देत राहतो, आणि नेटवर्कवरून कॉम्प्युटर जागा करण्याची सोय चालू असेल तर कार्ड त्या विजेवर पहारा देत बसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

लाइट अजिबात नसेल तर पायरी २ आणि ३ तुमच्यासाठी आहेत. लाइट आहे, लुकलुकतेही आहे, पण नेट नाही, तर केबलची एक झटपट तपासणी करून पायरी ४ वर जा. लाइट येते-जाते, येते-जाते असं होत असेल तर संशय आधी केबलवर, मग पोर्टवर.

पायरी २: केबल, सर्वांत जास्त वेळ इथेच द्या

दोन्ही टोकं काढा आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवा. टोकाच्या प्लास्टिकच्या कनेक्टरला आरजे-४५ म्हणतात आणि त्यावरची लवचिक क्लिप हाच त्याचा सगळ्यात नाजूक भाग. क्लिप मोडली तरी कनेक्टर आत जातो आणि नीट बसल्यासारखा दिसतो, पण टेबल हललं की केसभर मागे सरकतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण आहे. टॉर्च घेऊन पोर्टच्या आतही डोकावा. आत आठ बारीक सोनेरी तारा एका ओळीत दिसल्या पाहिजेत. एखादी वाकून शेजारणीला चिकटली असेल किंवा आत दबून गेली असेल, तर दोष सापडला.

राउटरकडचं टोक योग्य पोर्टमध्ये आहे ना, हेही बघा. राउटरवर एक पोर्ट बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असतो आणि तो बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा थोडा अंतरावर असतो. त्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरची केबल ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टमध्ये जायला हवी. चुकीच्या पोर्टमध्ये घातली तरी लाइट लागते, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही.

आता अदलाबदल करा. ही या लेखातली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे आणि तिला कसलंही ज्ञान लागत नाही. आधी केबल तीच ठेवून राउटरवरचा पोर्ट बदला. मग पोर्ट तोच ठेवून केबल बदला, आणि बदली केबल दुसऱ्या उपकरणावर चालताना पाहिलेलीच घ्या. ड्रॉवरमधून निघालेली कुठलीतरी नको, कारण बाद झालेल्या केबली तिथेच जमा होतात. शेवटी तीच केबल आणि तोच पोर्ट ठेवून दुसरा लॅपटॉप लावून पाहा. दोष ज्या वस्तूबरोबर सरकतो, ती वस्तू खराब. दुसरा लॅपटॉप त्याच केबलवर चालला, तर मात्र तुमचं कार्ड किंवा त्याचं सॉफ्टवेअर.

केबलचा एक दोष असा आहे की तो लाइटवरून कळत नाही, कारण जोडणी होते आणि नेटही चालतं, फक्त वेग घटतो. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आता ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार आतून तुटली, तर पुष्कळ कार्डं गिगाबिटचा प्रयत्न सोडून देतात आणि गुपचूप १०० वर उतरतात. तुम्ही ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतलेला असतो आणि वेग ९५ च्या आसपास अडकून राहतो. वेग मोजणाऱ्या साइटवर वारंवार ९० ते ९५ असा आकडा आला तर इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करण्याआधी केबल बदलून पाहा.

जोडणी कितीवर झाली आहे ते विंडोजमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क अँड इंटरनेट विभागात, इथरनेटवर (म्हणजे केबलच्या जोडणीवर) क्लिक केल्यावर ‘लिंक स्पीड’ या ओळीत दिसतं. तिथे १०००/१००० असेल तर गिगाबिट, १००/१०० असेल तर वर सांगितलेला संशय खरा असण्याची शक्यता मोठी. लिनक्सवर ‘ईथटूल’ आज्ञेपुढे कार्डचं नाव लिहिलं की हीच माहिती मिळते. अर्थात राउटरचा पोर्टच १०० चा असेल तर केबलला दोष देऊन उपयोग नाही. स्वस्त राउटरांत असे पोर्ट आजही सापडतात.

केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत तिचा दर्जा छापलेला असतो. कॅट ५ई आणि कॅट ६ या दोन्ही गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत पुरेशा आहेत, आणि घरातल्या कामासाठी त्याहून भारी केबल घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. केबलमध्ये निव्वळ तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, याकडे मात्र लक्ष द्या. ॲल्युमिनियमची तार ठिसूळ असते, दोन-चारदा वाकवली की आतून तुटते आणि वरून काहीच दिसत नाही.

केबलची टोकं कोणी हातानं बसवलेली (क्रिम्प केलेली) असतील, तर दोन्ही टोकांवरचे रंग जुळवून पाहा. क्लिप खाली, पिना वर आणि टोक तुमच्यापासून पलीकडे धरलं तर डावीकडून क्रम असा असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ही झाली ‘बी’ पद्धत. ‘ए’ पद्धतीत नारिंगी आणि हिरव्या जोडीची जागा बदलते, बाकी सगळं तेच. दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी असेल तर ती क्रॉस केबल होते. पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला ती लागायची. हल्लीची कार्डं ही अदलाबदल आपणहून ओळखतात, त्यामुळे एवढ्यानं काही अडत नाही.

खरी डोकेदुखी निराळी आहे. कोणीतरी आठही रंग आपल्या मनच्या क्रमानं लावतं, फक्त दोन्ही टोकांना सारखे. केबल तपासणारा साधा टेस्टर एक ते आठ सगळ्या लाइट क्रमानं दाखवतो आणि केबल पास होते. पण ३ आणि ६ या पिनांना एकाच पिळलेल्या जोडीच्या तारा मिळायला हव्यात, कारण एकमेकींभोवती घेतलेला पीळच बाहेरचा गोंगाट रद्द करतो. त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या निघाल्या की छोट्या अंतरावर कसंबसं चालतं आणि लांब केबलवर चुका सुरू होतात. अशा केबलवर टेस्टरचा निकाल मानू नका, डोळ्यांनी रंग बघा. एकदा हा प्रकार दिसला की टोक कापून पुन्हा क्रिम्प करणं, एवढाच उपाय.

पायरी ३: कार्ड कॉम्प्युटरला दिसतंय का

केबल आणि पोर्ट निर्दोष ठरले तर आता कॉम्प्युटरच्या आत. विंडोजमध्ये स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ची यादी पसरवा. वायफायचं आणि ब्लूटूथचं कार्डही तिथेच असतं, त्यात गोंधळू नका. तुम्हाला हवं ते ‘गिगाबिट’, ‘इथरनेट’, ‘जीबीई’ किंवा ‘पीसीआयई’ असं काहीतरी नाव असलेलं.

त्या नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल तर कार्ड कोणीतरी बंद करून ठेवलंय. उजवं क्लिक, ‘एनेबल’, काम संपलं. पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून ‘डिव्हाइस स्टेटस’मधला कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होऊ शकलं नाही. नाव यादीत नसून ‘अदर डिव्हाइसेस’ या गटात ‘इथरनेट कंट्रोलर’ असं अनाथासारखं पडलेलं असेल, तर तेही ड्रायव्हर नसल्याचंच लक्षण. विंडोज नव्याने टाकल्यावर हमखास दिसतं.

ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर हवा, ही इथली खास अडचण. त्यातून सुटायला मोबाइल यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू करा. अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालून जातो. ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्रॅम मी कुणालाही सुचवणार नाही. नको ते सोबत बसवण्यात ते पटाईत असतात.

कार्ड कोणत्या कंपनीचं आहे हेच कळत नसेल, तर त्याच खिडकीत ‘डिटेल्स’ टॅबवर जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. लांबलचक ओळीच्या सुरुवातीला कंपनीचा चार अक्षरी क्रमांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलनं आपल्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच ओळख म्हणून घेतला आहे, त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक निघतं.

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं असेल तर ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुन्यावर परत या. ते बटण पुसट असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही, मग कंपनीच्या साइटवरून जुनी आवृत्ती घ्यावी लागेल.

यादीत कार्ड कुठेच नाही, अनाथ नावही नाही, असं झालं तर लगेच ते जळालं असं समजू नका. आधी पूर्ण वीज तोडून पाहा. कॉम्प्युटर बंद करा, पॉवर केबल भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, थोडं थांबा आणि पुन्हा लावा. पायरी १ मध्ये म्हटलेली ती जागती वीज इथे कामाला येते. कार्ड त्या विजेवर चालू राहतं, त्यामुळे नुसतं रिस्टार्ट केल्यावर ते अडकलेल्या अवस्थेतच राहू शकतं. वीज पूर्ण गेली की ते कोऱ्या पाटीनं सुरू होतं. विंडोजचं ‘शट डाउन’ही पुरतं बंद करत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’मुळे आतला बराच भाग साठवून ठेवला जातो आणि तोच परत उघडतो. पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि लिनक्समध्ये कार्ड मुकं वाटत असेल, तर या दोन गोष्टी सगळ्यात आधी करा.

त्यानंतरही कार्ड नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ किंवा तशा नावाची ओळ ‘एनेबल्ड’ आहे का पाहा.

पायरी ४: पत्ता मिळाला का

लाइट आहे, कार्ड दिसतंय, आता कमांड प्रॉम्प्ट उघडा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं लिहिली की तो सापडतो. त्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा सलग शब्द, मग एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि ‘ऑल’ असं लिहून एंटर दाबा. बरीच गर्दी दिसेल. त्यातला ‘इथरनेट अडॅप्टर’ असा मथळा शोधा आणि त्याखालची ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ ही ओळ वाचा.

‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असं लिहिलेलं असेल तर कार्डला तारेवर समोर कोणी दिसत नाही. पायरी २ कडे परत.

पत्ता १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल तर बहुधा राउटरनं पत्ता दिलाय, सगळं ठीक. १७२ नंतर १६ ते ३१ यांमधला आकडा असेल तरी चालेल.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर इथे नीट थांबा. हा पत्ता राउटरनं दिलेला नाही. कॉम्प्युटरनं केबलवर ‘मला कोणी पत्ता द्या’ अशी हाक दिली, उत्तर आलं नाही, आणि त्यानं स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. हाक ऐकणारा म्हणजे डीएचसीपी सर्व्हर, आणि घरात तो राउटरच्या आतच असतो. लाइट चालू आणि पत्ता १६९.२५४ चा, म्हणजे पुढचं उपकरण भेटलं, पण राउटरचं उत्तर आलं नाही. मधे स्विच असेल तर स्विच आणि राउटर यांच्यातली केबल सुटली आहे का पाहा. नाहीतर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा, तो पूर्ण सुरू होऊ द्या, मग कॉम्प्युटरवर ‘आयपीकॉन्फिग’नंतर तिरकी रेघ आणि ‘रिलीज’, आणि त्यापाठोपाठ तसंच ‘रिन्यू’ द्या. नेटवर्कमध्ये कोणी जुना राउटर स्विच म्हणून लावला असेल तर त्याची डीएचसीपी सेवा बंद केली आहे का, तेही विचारा. दोघंजण पत्ते वाटायला लागले की निम्म्या घराला भलतेच पत्ते मिळतात.

पत्ता ओळखीचाच वाटतो, पण राउटरच्या पत्त्याशी पहिले तीन आकडे जुळत नाहीत, असंही होतं. म्हणजे राउटर १९२.१६८.१ वर आणि कॉम्प्युटर १९२.१६८.५ सारख्या भलत्या गटात. अशा वेळी कोणीतरी कधीतरी पत्ता हातानं भरून ठेवलेला असतो, बहुधा ऑफिसच्या नेटवर्कसाठी. रन खिडकीत एन-सी-पी-ए, मग टिंब, मग सी-पी-एल असं लिहा. उघडलेल्या खिडकीत इथरनेटवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’वर दोनदा क्लिक, आणि दोन्ही ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली’ निवडा. बदलण्याआधी जुन्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. ऑफिसात ते पुन्हा लागू शकतात.

पायरी ५: पिंगची शिडी

पत्ता नीट मिळाला तर आता एकेक पायरी वर चढायचं. ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता द्यायचा, उत्तर येतं की नाही ते पाहायचं.

अनेक ठिकाणी १२७.०.०.१ पासून सुरू करायला सांगतात. करा, पण त्यावर विसंबू नका. या चाचणीत कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतो, ती कार्डापर्यंत जातच नाही. केबल उपसून हातात धरली तरी ती पास होते.

खरी सुरुवात गेटवेपासून, म्हणजे राउटरपासून. आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो पत्ता आहे, तो पिंग करा. केबलवर हे उत्तर सहसा १ मिलिसेकंदाच्या आत येतं. उत्तर येतंय, पण आकडा सारखा २०-३० वर उडतोय किंवा मधेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय, तर केबलवर पुन्हा संशय घ्या. पत्त्यानंतर एक जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘टी’ लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. ते चालू ठेवून केबल टोकाजवळ हळूच हलवा. हलवली की उत्तरं तुटतात, असं दिसलं तर आणखी पुरावा नको. थांबवायला कंट्रोल आणि सी.

काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून गेटवे गप्प बसला तर ‘ए-आर-पी’, जागा, उणे चिन्ह, ‘ए’ अशी आज्ञा देऊन पाहा. यादीत गेटवेचा पत्ता आणि त्यासमोर बारा अक्षरांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) दिसला, तर तारेवरून दोघांचं बोलणं झालेलं आहे आणि केबल-कार्ड दोन्ही निर्दोष.

गेटवे लागला तर पुढे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ पिंग करा. हे दोन्ही वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारे सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहेत, पहिला गूगलचा आणि दुसरा क्लाउडफ्लेअरचा. गेटवे लागतो आणि हे लागत नाहीत, तर तुमचा कॉम्प्युटर निर्दोष, अडचण राउटरच्या पलीकडे. हेही लागतात, पण वेबसाइटचं नाव पिंग केलं की ‘सापडत नाही’ म्हणतो, तर दोष नावं शोधणाऱ्या डीएनएसचा. ‘आयपीकॉन्फिग’, तिरकी रेघ, ‘फ्लशडीएनएस’ करा. तेवढ्यानं भागलं नाही तर वरच्याच खिडकीत डीएनएसच्या जागी हे दोन पत्ते भरा.

नावही पिंग होतं आणि फक्त ब्राउझर उघडत नाही, तर बघायच्या जागा म्हणजे प्रॉक्सी सेटिंग, काढून टाकलेल्या व्हीपीएनचे राहिलेले अवशेष, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि दोष नेटवर येतो.

पायरी ६: चालतं, पण मधेच तुटतं

हा प्रकार पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त छळतो. केबल बदलून झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ नावाच्या ओळी दिसल्या तर त्या बंद करून पाहा. काही राउटर आणि काही कार्डांचं या बचतीवरून पटत नाही आणि शांततेच्या काळात जोडणी तुटते.

त्याच टॅबमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ असतं. ते ‘ऑटो निगोशिएशन’वरच असू द्या. वेग वाढेल म्हणून कोणी ते १०० फुल डुप्लेक्सवर अडकवतं, आणि उलटंच होतं. समोरचा पोर्ट ऑटोवर असतो, त्याला दुसरीकडून बोलणीच ऐकू येत नाहीत, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. आता एकजण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलतो आणि दुसरा पाळीपाळीनं. पिंग सुरळीत, लाइट सुरळीत, आणि मोठी फाइल पाठवायला गेलं की गोगलगाय.

चुका खरंच होतायत का, ते आकड्यांत पाहायचं असेल तर ‘नेटस्टॅट’, जागा, उणे चिन्ह, ‘ई’. त्यात ‘एरर्स’ची ओळ असते. थोड्या वेळानं पुन्हा द्या. आकडा वाढत असेल तर दोष तारेत किंवा पोर्टमध्ये. सेटिंगमध्ये आणखी शोधत बसू नका.

ऑफिसात किंवा लॅबमध्ये सगळेच कॉम्प्युटर एकदम ठप्प झाले आणि स्विचवरच्या साऱ्या लाइट एका तालात वेड्यासारख्या लुकलुकत असतील, तर एखाद्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलेली आहेत का ते शोधा. साफसफाई झाल्यावर लोंबणारं टोक कोणीतरी सद्भावनेनं रिकाम्या पोर्टमध्ये खुपसतं आणि तेच संदेश गोल गोल फिरत राहतात.

पायरी ७: रीसेट आणि नवं कार्ड

विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलंय. ते सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं. त्यात हातानं भरलेले पत्ते जातात, वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. सॉफ्टवेअरच्या गुंत्यावर ते चांगलं चालतं, तुटक्या तारेवर नाही.

कार्ड खरंच मेलंय का, हे ठरवायला पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊन त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता तो चालतो. तिथे केबल लावल्यावर नेट आलं तर कार्ड ठीक आहे, विंडोजमध्येच कुठेतरी गाठ आहे. तिथेही लाइट नाही, नेट नाही, आणि केबल-पोर्ट तपासून झालेत, तर कार्ड गेलं असं मानायला हरकत नाही. आजूबाजूला वीज पडल्यानंतर असं झालं असेल तर राउटरचा तो पोर्टही तपासा, उघड्यावरून आलेल्या लांब केबलीतून झटका दोन्ही टोकांना बसतो.

मदरबोर्डवरचं कार्ड गेलं म्हणून मदरबोर्ड बदलायची गरज नाही. डेस्कटॉपमध्ये पीसीआयईच्या छोट्या स्लॉटमध्ये वेगळं कार्ड बसतं आणि जुनं बायोसमधून बंद करता येतं. लॅपटॉपला यूएसबीचा इथरनेट अडॅप्टर. तो घेताना यूएसबी ३ चा घ्या आणि कॉम्प्युटरच्याही यूएसबी ३ च्याच पोर्टमध्ये लावा, कारण यूएसबी २ ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि त्यात गिगाबिट मावत नाही.

नवं कार्ड लावल्यावर लाइट आली, सगळं जुळलं आणि तरी नेट नसेल, तर मॅक पत्ता आठवा. तो प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. कॉम्प्युटर थेट पुरवणाऱ्याच्या मोडेमला जोडलेला असेल, किंवा ऑफिसात फक्त नोंदलेल्या कार्डांनाच प्रवेश असेल, तर तिथे अजून जुन्याच कार्डाची नोंद असते. ‘आयपीकॉन्फिग ऑल’मधल्या ‘फिजिकल ॲड्रेस’च्या ओळीतली बारा अक्षरं त्यांना कळवा आणि नोंद बदलून घ्या.